टाचणीची कळ

आमच्या घरात कुलूप म्हणजे नुसती शोभा. माझा धाकटा भाऊ कुलूप-किल्ल्यांचा कारागीर आहे. कुणाची किल्ली हरवली, कुणाचं कपाट अडलं, कुणाच्या सासूबाईंनी रागारागात स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं, की आधी त्याला फोन. हा एक वाकडी तार आणि एक चपटी पट्टी घेऊन जातो, दारासमोर गुडघे टेकतो, कान लावतो, आणि दार उघडून वर चहा पिऊन परत येतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण आमच्याकडे कुणी मोठ्याने म्हणत नाही. का म्हणत नाही ते पुढे सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

गोष्ट मात्र त्याची नाही, त्याच्या लेकीची आहे. तिला सगळे टाचणी म्हणतात. सोफे, खुर्च्या, बसगाड्यांची बाकं यांना फोम आणि कापड चढवून देणाऱ्या कारखान्यात ती कामाला आहे. कापड ताणून धरायचं, कडा दुमडायच्या, टाचण्या लावत जायचं आणि मग शिवण मारायची, हे तिचं काम. टाचण्या हाताशी असाव्यात म्हणून ती त्या ओठांत धरते, आणि ओठांत धरूनच बोलते, गुणगुणते, भांडते. कुणासाठी त्या काढून ठेवत नाही. मालकीणबाई एकदा एका बड्या गिऱ्हाइकाला घेऊन आल्या, तरी हिने टाचण्यांच्या फटीतूनच त्याला सांगितलं, की तुम्ही निवडलेलं कापड वर्षभरसुद्धा टिकणार नाही. नाहीच टिकलं. तेव्हापासून तो माणूस आधी हिला विचारतो आणि मग कापड घेतो.

ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून आम्ही सगळीकडे कळवलं होतं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून मी भावाकडेच राहते. आपण मुलगी आहोत हे टाचणीने पहिल्यांदा मला सांगितलं, मोठी झाल्यावर, स्वयंपाकघरात भांडी पुसताना. मी विचारलं, कधीपासून वाटतंय. ती म्हणाली, पहिल्यापासून. मी तिच्या हातातला फडका बदलून दिला, कारण तो भिजून चिंब झाला होता, आणि आम्ही उरलेली भांडी पुसून टाकली.

आता मी पडले छापखान्यात प्रुफं तपासणारी. माझा जन्म काना-मात्रा-वेलांट्या पकडण्यात गेला. आपल्या भाषेत साधं ‘आलास’ म्हणायचं की ‘आलीस’ म्हणायचं इथेसुद्धा समोरचा कोण आहे ते ठरवावं लागतं, पळवाट नाही. कारखान्यातल्या लोकांची सोय त्या टोपणनावानेच झाली. टाचणी आली, टाचणी गेली, टाचणी चिडली. दुसरं काही म्हणताच येत नाही. मी पहिले काही दिवस जीभ चावत चावत बोलले, मग सवय झाली. पण माझ्या भावाने वेगळाच उद्योग केला. त्याने विरोध केला नाही, आरडाओरडा केला नाही, लेकीला घराबाहेर काढलं नाही. त्याने फक्त क्रियापदं गिळली. तिशी ओलांडलेल्या लेकीला तो ‘बाळ’ म्हणायला लागला. बाळाला आज सुट्टी आहे. बाळाचं जेवण व्हायचंय. बाळ घरी आलं की सांगतो. तिच्याशी बोलताना तर असा जपून बोलायचा, की मला ऐकून धाप लागायची. झोप झाली का? यायला उशीर होणार का? डबा घेतलास का? एका वाक्यात मुलगा नाही आणि एका वाक्यात मुलगी नाही. मी त्याला एकदा म्हटलं, की एवढं व्याकरण शाळेत दाखवलं असतंस तर पहिला आला असतास. तो कानशीने किल्ली घासत राहिला.

टाचणी यावर हसायची. म्हणायची, आत्या, राहू दे, त्याच्या कुलपाची किल्ली त्यालाच सापडेल. पण एखाद्या वेळी तो ‘बाळ’ म्हणून गेला की ती दाराकडे बघत राहायची, आणि ते मला बघवायचं नाही.

ऑपरेशनसाठी तिने बरीच वर्षं वाट बघितली. तारीख मिळाली तेव्हा ती घरभर नाचली, मलाही नाचवलं, आणि माझा गुडघा धरला. शरीर आपल्या मनासारखं होणार याचा इतका निखळ आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. फक्त एक अट तिने सुरुवातीलाच घालून टाकली. ती कडक वेदनाशामक औषधं मला नकोत, एकसुद्धा गोळी घरात येता कामा नये. लोकांना सांगायची, की त्याने डोकं जड होतं आणि हातातली सुई चुकते. खरं कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं.

टाचणी कॉलेजात असताना माझा भाऊ शिडीवरून पडला होता. कंबर मोडली. तेव्हा त्याला त्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. कंबर बरी झाली, गोळ्या काही सुटेनात. आधी मागून घेतल्या, मग खोटं बोलून घेतल्या, मग मी कपाटात ठेवायला लागले, आणि त्याने कपाट उघडलं. कुलूप बदललं, तेही उघडलं. बापाला कपाटासमोर गुडघे टेकून कान लावून बसलेलं लेकीने पाहिलं. ते दिवस मी उगाळत बसत नाही. तो त्यातून बाहेर आला, स्वतः आला, आणि आजही दर आठवड्याला तसल्याच अनुभवातून गेलेल्या माणसांबरोबर गोल करून बसून येतो. म्हणजे टाचणीला स्वतःची काळजी नव्हती. आपल्यामुळे ती गोळी पुन्हा बापाच्या घरात शिरेल आणि इतक्या वर्षांची कमाई पाण्यात जाईल, ही तिची काळजी होती.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर एक ठेंगण्या, सदा घाईतल्या बाई होत्या. त्यांना आम्ही भूलबाई म्हणायचो, पाठीमागे अर्थात. त्या बोलायला आल्या तेव्हा माझा भाऊ बाहेर फोनवर होता. कुणीतरी गाडीत किल्ली ठेवून दार लावलं होतं. ती संधी साधून टाचणीने बाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की यात लाजण्यासारखं काही नाही, बऱ्याच घरांत असं असतं, आणि घरी द्यायच्या गोळ्या कुलूपबंद डब्यात ठेवा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसायला लागलो की बाईंना कळेना आपलं काय चुकलं. त्याचा धंदा सांगितल्यावर त्याही हसल्या.

मग तो आत आला आणि बाईंनी दुखण्याचं गणित त्याच्यादेखत मांडलं. कडक औषध म्हणजे एकच मोठं कुलूप, सगळा भार त्याच्यावर टाकला की ते जास्त लागतं. त्यापेक्षा लहान लहान चार कड्या लावायच्या. ऑपरेशनच्या वेळीच त्या भागातल्या नसांजवळ बधिर करणारं इंजेक्शन. पुढे रोज घड्याळाकडे बघून, दुखो न दुखो, साधी पॅरासिटामॉल आणि जोडीला सूज उतरवणारी गोळी. बर्फाची पिशवी. बसायला, झोपायला नीट उशा. एवढ्या कड्या लावल्या की मोठं कुलूप फार कमी लागतं. माझा भाऊ पुढे सरकून ऐकत होता. दाराची भाषा त्याला बरोबर कळते. टाचणीने लगेच विचारलं, की मग मोठं कुलूप लावूच नका ना. बाईंनी पेन खिशात ठेवलं.

"कमी म्हणजे शून्य नव्हे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खोकता आलं पाहिजे, चालता आलं पाहिजे, झोप लागली पाहिजे आणि नंतरचा व्यायाम करता आला पाहिजे. त्याला जेवढं लागेल तेवढं घ्यायचं. त्याच्यापेक्षा जास्त घेतलं तर मी ओरडेन, कमी घेतलं तरी ओरडेन."

टाचणीने मान डोलावली. तिच्या त्या मान डोलावण्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी माझा हात शोधला, मग म्हणाली, या पलंगाच्या गादीचा फोम स्वस्तातला आहे. मी डोळे पुसले आणि भावाला सांगितलं, की चिंता नको, हिचं डोकं ठिकाणावर आहे.

तिच्या हाताशी चादरीला एक बटण अडकवलेलं होतं. ते दाबलं की नळीतून कडक औषधाचा एक लहान डोस जायचा. दुखलं तर स्वतः दाबायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या वॉर्डातल्या सिस्टर जुन्या वळणाच्या होत्या, त्या कुठल्याच बटणाला बटण म्हणत नसत. दिव्याची कळ, लिफ्टची कळ, तशी ही औषधाची कळ. सकाळपासून त्यांचा एकच पाठ चालू होता, की कळ आली की कळ दाबा, कळ सोसत बसू नका. टाचणी हो हो म्हणायची आणि दाबायची नाही. माझा भाऊ खुर्चीत बसून त्या बटणाकडे असा बघायचा, जसं काही ते त्याच्याशी बोलणार आहे.

मी खाली चहा प्यायला गेले होते. तेवढ्यात टाचणीला कुशीवर वळायचं होतं, तिने सिस्टरांना हाक मारली. सिस्टर शेजारच्या पलंगावर गुंतल्या होत्या. त्या तिथूनच माझ्या भावाला म्हणाल्या, "काका, त्यांना जरा कळ काढायला सांगा, मी आलेच." आता कळ काढणं म्हणजे थोडं थांबणं, धीर धरणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. हा माणूस उठला, त्याने चादरीचा चिमटा अलगद सोडवला, आणि कळ काढून खिडकीत ठेवली. मी परत आले तेव्हा सिस्टर खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या, टाचणी उशी पोटाशी धरून हुंदके दिल्यासारखी हसतेय आणि म्हणतेय, मला हसवू नका, टाके आहेत, आणि माझा भाऊ शपथेवर सांगतोय, की तुम्हीच म्हणालात काढा. सगळा वॉर्ड हसला. भूलबाईंना कळलं तेव्हा त्याही येऊन हसून गेल्या, आणि जाताना त्यांनी त्याला समजावलं, की काका, घाबरू नका, या यंत्राला आतून कुलूप आहे. कितीही वेळा दाबलं तरी ठरल्यापेक्षा जास्त औषध जातच नाही. त्याने विचारलं, कुठल्या प्रकारचं कुलूप. बाई म्हणाल्या, तुम्हाला उघडता न येणारं. त्या दिवशी प्रथमच तो खुर्चीत मागे टेकून बसला.

मला मात्र कळून चुकलं. कान मनाला हवं तेच ऐकतो. त्याला ती कळ काढायचीच होती. आणि टाचणीनेही ते ओळखलं, कारण हसून झाल्यावर तिने बटण परत हातात घेतलं नाही, उशीखाली सारलं. सिस्टर रागवल्या तेव्हा कुठे एकदोनदा दाबलं.

घरी येताना मोजक्याच कडक गोळ्या एका छोट्या बाटलीत मिळाल्या. साध्या गोळ्यांनी भागलं नाही तरच घ्यायच्या आणि उरतील त्या परत करायच्या, असं बजावून दिल्या. टाचणीने बाटली माझ्या हातात कोंबली आणि बापाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. आता त्या घरात ती लपवायची कुठे? मी ती माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली आणि चष्म्याचं घर पर्समध्ये. चष्मा मी तसाही दिवसभर नाकावर ठेवते.

कारखान्यातल्या लोकांनी तिला बसायला मधे भोक असलेली गोल उशी शिवून पाठवली होती, कडेला लाल गोट लावून. टाचणीने ती उलटीसुलटी केली, गोट एका बाजूला वाकडा गेलाय म्हणून नाक मुरडलं, फोम दाबून बघितला आणि कात्री मागवून पडल्या पडल्या अर्धी उशी उसवली. आत दुसऱ्या फोमचा थर घालून परत शिवली. मी म्हटलं, लोकांनी प्रेमाने दिली होती गं. ती म्हणाली, प्रेम आहे म्हणून तर दुरुस्त करतेय. त्या आठवड्यात आमच्या घरी हसण्याखिदळण्याला तोटा नव्हता. भाऊ सूप करायचा, ते कधी खारट व्हायचं, कधी अळणी. बर्फाच्या पिशव्या तोच भरायचा. साध्या गोळ्यांच्या वेळा त्याने घड्याळात गजर लावून सांभाळल्या. आणि येता जाता त्याचं चालूच असायचं, बाळ, दुखतंय का? ‘दुखतंय का’ या प्रश्नात ना मुलगा येतो ना मुलगी. जन्मभर पुरेल असा विषय त्याला सापडला होता.

टाचणी प्रत्येक वेळी सांगायची, नाही, फारसं नाही.

खरी परीक्षा व्यायामाची होती. डॉक्टरांनी शरीरात जो नवा भाग घडवला तो आक्रसून मिटू नये म्हणून रोज ठरल्या वेळी डायलेटर नावाचं साधन वापरून व्यायाम करायचा असतो. तो कंटाळा करायचा विषय नाही, चुकला तर चुकला असं चालत नाही. टाचणी दार लावून घ्यायची. आधी आधी बराच वेळ आत असायची. मग तो वेळ कमी कमी होत गेला. चालायलाही कुरकुर सुरू झाली. मी विचारलं की म्हणायची, झालं आत्या, सगळं झालं. मी बाहेरून काय पडताळणार?

एक दिवस मी मुद्दाम तिच्यासमोर ती उशी धरली आणि म्हटलं, या दुसऱ्या बाजूचा गोटही वाकडाच आहे की. तिने बघितलं आणि म्हणाली, असू दे, छान आहे. मी हातातली उशी खाली ठेवली. जी मुलगी शुद्धीवर येता येता हॉस्पिटलच्या गादीत खोट काढते, ती वाकड्या गोटाला छान म्हणाली, म्हणजे तिला किती दुखत असेल. मी बाटली काढली. तिने माझा हात दाबून धरला आणि मान हलवली. बाहेरच्या खोलीत भावाची कानस चालू होती. ती एवढंच म्हणाली, की गोळी घेतली तर मला झापड येईल, बाबाला लगेच ओळखू येईल, आणि मग त्याला माहीत होईल की घरात आहे. मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. ती शिंची मुलगी बापासारखीच हट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तपासायला घरी आल्या, त्याच कळवाल्या. त्यांना दोन मिनिटांत कळलं. त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला पुरणारा, आणि आमच्या भिंती पातळ.

"व्यायाम होत नाहीये," त्या म्हणाल्या. "दुखतंय म्हणून होत नाहीये. गोळी दिलीय ती घ्या आणि करा. नाहीतर इतक्या वर्षांनी मिळालेलं मिटत जाईल आणि परत टेबलावर झोपावं लागेल. सोसण्याचं इथे कुणी बक्षीस देत नाही."

बाहेर कानस थांबली. सिस्टर गेल्या तरी ती पुन्हा सुरू झाली नाही. मी बाहेर आले तर माझा भाऊ जेवणाच्या टेबलापाशी उभा होता. म्हणाला, तुझ्या चष्म्याच्या घरातली बाटली दे.

मी विचारलं, कुठली बाटली. तो म्हणाला, हॉस्पिटलातून आलो त्या दिवसापासून तुझ्या पर्समध्ये खुळखुळतेय ती. कुलपाच्या आतली कडी सरकल्याचं ज्याला बाहेरून ऐकू येतं, त्याच्यापासून मी गोळ्या लपवायला निघाले होते. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि पर्स रोज त्याच्या हाताशी खुंटीवर लटकत होती. टाचणी भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी बाटली दिली. त्याने ती टेबलाच्या मधोमध ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी.

"बाळ, ही इथे राहणार," तो म्हणाला. "बंद करून ठेवलेलं मी उघडतो, माझा तो धंदाच आहे. उघड्यावर ठेवलेलं मी काय उघडणार? येता जाता तिघांनाही दिसू दे. किती उरल्यात तेही दिसू दे."

टाचणीने विचारलं, "आणि तुला मोह झाला तर, बाबा?"

"होतो की. इतकी वर्षं होतोय. झाला की तुझ्या आत्याला सांगेन आणि बाहेर चक्कर मारून येईन. ते माझं काम आहे, मला करू दे. तू माझ्या वाटचं दुखणं सोसू नकोस."

ती तिथेच दाराला टेकून रडली, आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी भूलबाईंना फोन लावला. त्यांनी व्यायामाच्या आधी अर्धी गोळी घ्यायला सांगितलं, सोबत भरपूर पाणी आणि पोट साफ राहण्याचं औषध, आणि मला विचारलं की ठेवलीय कुठे. मी सांगितलं, मिठाच्या बरणीशेजारी. बाईंनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, तुमच्या घरी चालेल.

आणि चाललं. अर्धी गोळी, मग व्यायाम, मग बर्फ आणि ती दुरुस्त केलेली उशी. चालणं वाढलं. पुढच्या वेळी सिस्टर तपासून समाधानाने मान हलवत बाहेर आल्या. एका दुपारी माझ्या भावाने बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं, की आज मोह झालाय, मी चाललो. आम्ही दोघी म्हणालो, जा, येताना पाव आण. तो त्याच्या त्या गोल बसणाऱ्या माणसांकडे जाऊन आला आणि पाव विसरला. मग गोळ्या लागेनाशाच झाल्या. साध्या गोळ्यांवर भागायला लागलं, मग त्याही सुटल्या. टाचणीने पुन्हा सगळ्यात खोट काढायला सुरुवात केली, सुपात, पडद्यांत, माझ्या साडीच्या फॉलमध्ये, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

ती कामावर रुजू झाली त्या दिवशी भावाने बाटली उचलली आणि मला म्हणाला, तू पण चल. आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. वाटेत तो बाटली मुठीत न धरता उघड्या तळहातावर घेऊन चालला होता; लोक बघत होते, बघू देत होता. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कुणाच्या गोळ्या. भाऊ म्हणाला, "माझ्या मुलीच्या." मी चष्मा सारखा केला. त्या माणसाने बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, बऱ्याच राहिल्यात की हो, यातलं औषध पुरलं का त्यांना?

"पुरलं," माझा भाऊ म्हणाला. "माझी मुलगी दुखण्याला पुरून उरली."

जन्मभर मी चुका शोधल्या. हे वाक्य मी मनात तीनदा वाचून बघितलं. भाऊ तोवर रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता आणि उगाच एका दुकानाच्या शटरचं कुलूप निरखत होता.

मी त्याला घरी धाडलं आणि तशीच तडक कारखान्यात गेले. टाचणी तिच्या लाल गोटाच्या उशीवर बसून एका आरामखुर्चीला कापड लावत होती, तोंडात टाचण्या. मी धापा टाकत तिला सांगितलं, बाबा काय म्हणाला ते, शब्दन् शब्द.

तिने कापड सोडलं. ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, खुर्चीच्या हातावर ओळीने खोचल्या, आणि मोकळ्या तोंडाने म्हणाली, "आत्या, परत सांग."

मी परत सांगितलं.